हार्कबीच्या पुलाखालची काजळी

१

जोसाया क्रेक मेला, तेव्हा हार्कबीत एकाही घराने खिडकीचे पडदे ओढले नाहीत. डरहॅमच्या त्या डोंगराळ मुलुखात कुणी गेलं की शेजारीपाजारी पडदे ओढून दुखवटा पाळतात. क्रेकच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. उलट त्या संध्याकाळी मिसेस हेपलच्या दारूच्या गुत्त्यात बिअरचं दुसरं पिंप फोडावं लागलं.

प्रेत सापडलं ते गावच्या जुन्या दगडी पुलाखाली, रुळांच्या कडेला. डोकं मागच्या बाजूने फुटलेलं. रुळांची पाहणी करत निघालेल्या गँगमनला आधी बूट दिसले, मग माणूस.

हा पूल म्हणजे गावाचा जीव की प्राण. आगगाडी ही चीज जगात नवी होती त्या काळात तो बांधला गेला, असं जो तो अभिमानाने सांगायचा. रूळ खोल घळीतून जातात आणि वरून चर्चकडून खाणीकडे जाणारा रस्ता त्यांना तिरपा ओलांडतो. त्यामुळे कमानीतले दगडही पिळाच्या दोरीसारखे तिरपे चढत गेलेले. पण पूल अरुंद. क्रेकच्या दगडखाणीचे ट्रक त्यावरून जात नसत, त्यांना डोंगराला वळसा घालून जावं लागे. पूल पाडून रुंद काँक्रीटचा बांधावा म्हणून क्रेक दोन वर्षं जिल्हा कौन्सिलच्या मागे हात धुऊन लागला होता. शुक्रवारी सभेत निकाल लागायचा होता. मंगळवारी तो मेला.

डिटेक्टिव्ह सार्जंट इसोबेल रटर बुधवारी सकाळी आली. खाणकामगाराची लेक, चाळिशीची, उंच, बोलायला मोजकी. गुत्त्यासमोर गाडी लावून ती चौकीत जाऊन आली तेवढ्यात कुणीतरी काचेवर चिखल फासून ठेवला होता.

"पोरंटोरं असतील, मॅडम," गावचा कॉन्स्टेबल डॉड नजर चुकवत म्हणाला.

"पोरांचे हात एवढे मोठे असतात तुमच्याकडे?"

डॉडने रुमालाने काच पुसायला घेतली. "अपघातच आहे हो. पूल वाचवा समितीच्या मिस्टर ऑर्म्सबींनी डोळ्यांनी पाहिलंय. कठड्यावर वाकला, गाडीच्या धुरात तोल गेला, पडला. कागद करायचे नि मिटवायचं."

"प्रेत पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं की."

"मग त्याच्या अंगावर काय होतं ते सांगा."

डॉडचा हात काचेवरच थांबला. "काजळी," तो म्हणाला. "कोपरापर्यंत. छातीवरसुद्धा. चिमणी साफ करून आल्यासारखी."

२

ती पुलावर गेली. दोन्ही हात कठड्यावर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. चर्चकडच्या टोकाला तळवे काळेकुट्ट झाले. ते तिने पुसले आणि खाणीकडच्या टोकाला पुन्हा टेकवले. तिथला दगड मधासारखा पिवळसर, स्वच्छ. हातांना साधी धूळ लागली.

"इथूनच पडला ना?"

"हो, या टोकावरून. बरोबर खालीच सापडला," डॉड म्हणाला.

"मग काजळी लागली कुठून?"

डॉडने खांदे उडवले. पण त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले.

गुत्त्यात ती शिरताच बोलणं बंद पडलं. काउंटरमागे मिसेस हेपल पेले पुसत होती. दांडगी बाई, बाह्या वर सारलेल्या.

"चहा मिळेल?"

"किटली फुटलीय."

"मग बिअर?"

"बायकांना पुढच्या खोलीत देत नाही आम्ही."

कोपऱ्यातून हशा उसळला. तिथे ॲम्ब्रोज वील बसला होता. क्रेकच्या सुरुंगांनी ज्याच्या विहिरीचं पाणी पळालं, तो शेतकरी. मागच्याच महिन्यात त्याने भर बाजारात क्रेकची कॉलर धरली होती.

रटर त्याच्यासमोर जाऊन बसली. "मिस्टर वील, तुम्ही क्रेकला म्हणाला होता, याच पुलावरून तुला खाली फेकीन."

"म्हणालो होतो. चर्चमध्ये शपथ घ्यायला सांगा, तिथेही म्हणेन."

"फेकलंत?"

"देवाने माझं काम हलकं केलं." वीलने पेला ठेवला. "ऐका सार्जंटबाई. त्या माणसाने डोंगर खाल्ला, माझं पाणी खाल्लं, उद्या पूल खाणार होता. तो कसा मेला ते शोधायला सरकार तुम्हाला पगार देतं, आणि तो जिवंत होता तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता फिरकलात तशाच परत फिरा."

"मंगळवारी दुपारी कुठे होतात?"

"गाईच्या पोटात हात घालून वासरू ओढत होतो. गाईला विचारा."

पुन्हा हशा. रटर उठली. दाराशी पोचली तेव्हा मिसेस हेपल मागून म्हणाली, "सगळ्या गावाला विचारलंत तरी एकच उत्तर मिळेल. आम्हाला काही दिसलं नाही."

"मी काय दिसलं ते कुठे विचारलं?" रटर म्हणाली. "तुम्ही आपणहूनच सांगताय."

मिसेस हेपलचा चेहरा दगडासारखा झाला.

३

लायोनेल ऑर्म्सबीच्या घरी मात्र किटली फुटलेली नव्हती. लंडनकडून इथे येऊन राहिलेला निवृत्त प्राध्यापक, पूल वाचवा समितीचा अध्यक्ष. चण बारीक, आवाज मऊ. भिंतींवर पुलाची चित्रं, मोजमापाचे नकाशे, जुन्या इंजिनांची रेखाटनं. पूल आगगाडीच्या अगदी पहिल्या वर्षांतला, एक दगडही न बदललेला, असा एकमेव आहे, हे सिद्ध करणारं त्याचं पुस्तक छापायला गेलं होतं. त्याच्या भरवशावर लंडनचे तज्ज्ञ शुक्रवारी सभेला येणार होते.

"मी इथेच उभा होतो, या खिडकीत," तो म्हणाला. "मिसेस स्नोडन, आमची स्वयंपाकीणबाई, टेबल मांडत होती. क्रेक पुलाच्या खाणीकडच्या टोकाला कठड्यावर वाकलेला. दुपारची गाडी आली, शिट्टी झाली, आणि धुराचा हा एवढा लोट उठला. त्यात तो दिसेनासा झाला. धूर विरला तर कठडा रिकामा. मी ओरडलोच! बाई धावत आली."

मिसेस स्नोडनने दारातून मान डोलावली. "खरंय. शिट्टी मीही ऐकली. साहेब पांढरेफटक पडले होते."

"तुम्ही बाहेर पाहिलंत?"

"पाहिलं ना. पुलावर कुणी नव्हतं."

"आणि त्याआधी साहेब घरातच?"

"त्याआधी फिरून आले होते. हात धुतले, मग..."

"मिसेस स्नोडन, चहा गार होतोय," ऑर्म्सबी हळूच म्हणाला.

रटर खिडकीपाशी गेली. पुलाचे दोन्ही कठडे इथून स्पष्ट दिसत होते. घळ मात्र गवताच्या उंचवट्याआड. रूळ दिसत नव्हते, गाड्याही दिसल्या नसत्या. ती पाहत असतानाच एक इंजिन धापा टाकत चढ चढत आलं. दिसलं काहीच नाही, फक्त चर्चकडच्या टोकाला काळा धूर उसळला आणि कठडा गिळून टाकला.

"असाच!" ऑर्म्सबी म्हणाला. "अगदी असाच!"

रटरने मान हलवली. "क्रेकचा राग येत होता तुम्हाला?"

"सार्जंट, त्याने या पुलाला दगडांचा ढिगारा म्हटलं होतं. मला त्याची कीव यायची. ज्याला सौंदर्य कळत नाही, त्याच्यावर रागवायचं काय?"

त्याने मिसेस स्नोडनला दार लावून घ्यायला खुणावलं.

४

क्रेकच्या घरी दार उघडलं ते त्याच्या मुलीने. मर्सी, तिशीची, काळ्या पोशाखात. तिने रटरला आत या म्हटलं नाही.

"लवकर विचारा आणि जा. शेजारच्यांनी तुम्हाला माझ्या दारात पाहिलं की उद्या दुधाची बाटलीही फुटलेली मिळेल."

"तुमचे वडील मंगळवारी पुलाकडे का गेले?"

"ते कधीच पुलाकडे जात नसत. थुंकायलासुद्धा नाही." मर्सी चौकटीला टेकली. "पण त्या दिवशी हसत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा. खाणीची जुनी वही समोर ठेवून, पावाला लोणी लावता लावता हसत सुटले. म्हणाले, 'मर्सी, त्या पुलाच्या पोटात आपलं माणूस बसलंय.' मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला."

"आपलं माणूस? म्हणजे?"

"सभेत सांगतो म्हणाले. आधी त्या प्राध्यापकाला दाखवतो, त्याचं तोंड बघायचंय मला, म्हणाले."

रटरने विचारलं, "सोबत काही नेलं होतं?"

"कंदील. आणि तारेचा ब्रश, यंत्रं घासतात तो."

प्रेतापाशी कंदील सापडला नव्हता. ब्रशही नव्हता.

"हे डॉडला का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलंच कुठे?" मर्सीचे डोळे कोरडे होते, पण आवाज चिरला. "सगळे येऊन सांगून जातात, सुटलीस एकदाची. बापाला वाहून आणलं तेव्हा समोरच्या घरात बाजा वाजवत होते. त्यांच्या अंगावर काय होतं, हातात काय होतं, विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

५

घळीत उतरायला पायऱ्या होत्या. स्टेशनमास्तरकडून परवानगी घेऊन रटर डॉडसह कमानीखाली गेली. बाहेर लख्ख दुपार होती, आत मात्र संध्याकाळ. कमानीचं पोट वर्षानुवर्षांच्या काजळीने माखलेलं, बोट लावलं तर बोट बुडावं अशी. तिने बॅटरी फिरवली.

"तिथे!" डॉडच पहिला ओरडला.

प्रेत सापडलं होतं त्याच्याच बाजूला, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एका दगडाची काजळी घासून काढलेली होती. आणि घासलेल्या जागेच्या मध्यभागी दगड ठेचून, तासून टाकला होता. ताजा घाव दातासारखा पांढरा दिसत होता.

रटरने गाल दगडाला टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं. तासणाऱ्याला घाई झाली असावी. खालच्या ओळीत सालाचे शेवटचे दोन आकडे शाबूत राहिले होते, आणि वरच्या ओळीत एका नावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं. ती तिने बोटाने गिरवली.

"डॉड, 'क्रेक' हे आडनाव कसं लिहितात?"

डॉडने एकेक अक्षर सांगितलं. सांगता सांगता त्याचा जबडा खाली आला. "म्हणजे... हा पूल..."

"पडला होता कधीतरी. किंवा पाडला असेल. आणि नव्याने बांधला. पहिल्या गाड्यांच्या काळात नव्हे, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. बांधणाऱ्याने आपलं नाव कोरलं आणि धुराने ते झाकून टाकलं." तिने बॅटरी विझवली. "आता मला फक्त एक गाडी बघायचीय. दुपारची."

त्या काळोखातही तिला कळलं की डॉडने मान खाली घातलीय.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, मला काय दिसणार ते?" तिने विचारलं.

"मी इथलाच आहे, मॅडम," डॉड पुटपुटला.

६

गुरुवारी, गाडीच्या वेळेआधी, रटरने ऑर्म्सबीला पुलावर बोलावलं. कसं घडलं ते एकदा प्रत्यक्ष दाखवा, एवढंच कळवलं होतं. बातमी कशी फुटली कोण जाणे, अर्धं गाव आधीच तिथे जमलेलं. मिसेस हेपल हाताची घडी घालून पुढेच उभी. वील खिशात हात घालून. मर्सी क्रेक एकटी, खाणीकडच्या टोकाला. तिच्याभोवती सगळ्यांनी जागा मोकळी सोडली होती. प्रेमाने नव्हे, विटाळ झाल्यासारखी.

"तमाशा चाललाय," कुणीतरी म्हणालं. "भल्या माणसाला छळतेय ही बाई."

"मिस्टर ऑर्म्सबी," रटर म्हणाली, "क्रेक नेमका कुठे उभा होता?"

ऑर्म्सबीने खाणीकडच्या टोकाला कठड्यावर हात ठेवला. "इथे."

"आणि दुपारच्या गाडीच्या धुरात दिसेनासा झाला."

"हो. कितीदा सांगू?"

दुरून शिट्टी ऐकू आली. लोक कठड्यावर वाकले. डोंगराकडून कोळशाची गाडी उताराने येत होती, भरलेले डबे एकमेकांवर आदळत, ब्रेक करकरत. इंजिन पुलाखाली शिरलं, पलीकडे निघालं. डब्यामागून डबे गेले. ऑर्म्सबीच्या हाताखालचा दगड होता तसाच पिवळा राहिला. धुराची एक रेघही वर आली नाही.

"उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो," रटर म्हणाली. "गाडी आपल्या वजनानेच घरंगळते. धूर सोडतात त्या चढणाऱ्या गाड्या, आणि त्या पलीकडच्या रुळांवरून जातात. म्हणून तिकडचा कठडा काळा आणि हा स्वच्छ. तुमच्या खिडकीतून रूळ दिसत नाहीत, मिस्टर ऑर्म्सबी. तुम्हाला दिसतो फक्त धूर. धूर न सोडणारी गाडी तुम्ही कधी पाहिलीच नाही. मंगळवारी शिट्टी ऐकलीत आणि धूर मनानेच घातलात."

ऑर्म्सबीने ओठ ओले केले. "माझी नजरचूक झाली असेल."

"खोटं बोलायची गरज कुणाला होती? ज्याला क्रेकच्या मरणाची वेळ पुढे ढकलायची होती त्याला. शिट्टी झाली तेव्हा तुम्ही घरात होता, बाई साक्षीला. पण क्रेक तेव्हा मेलेलाच होता. वरून पडला नव्हता तो. वरून पडणाऱ्याच्या बाहीला कोपरापर्यंत काजळी लागत नाही. तो खाली होता, कमानीत, तुमच्यासोबत. त्याने दगड घासून तुम्हाला नाव दाखवलं आणि पाठ फिरवली."

"पुरावा?" वील पुढे झाला. "नुसत्या गप्पा!"

"आज सकाळी यांच्या कोळशाच्या कोठारात कंदील मिळाला. तारेचा ब्रश मिळाला. दगड ठोकून बघायची हातोडी मिळाली, धुतलेली, पण दांड्याच्या खाचेत रक्त राहिलंय."

ऑर्म्सबी कठड्याला पाठ लावून उभा होता. त्याचा मऊ आवाज एकाएकी किंचाळीसारखा झाला. "तो हसत होता! वीस वर्षांचं माझं काम, आणि तो खाणवाला हसत होता! म्हणाला, 'शुक्रवारी लंडनवाल्यांना सांगतो, तुमच्या पुस्तकाने चूल पेटवा.' नुसतं हसणं थांबवायचं होतं मला..."

डॉडने त्याचा दंड धरला. गर्दीतून वाट काढताना कुणी त्याला शिवी दिली नाही. एका म्हातारीने तर त्याच्या कोटावरची धूळ झटकली.

मग सगळ्यांच्या नजरा रटरकडे वळल्या.

"झालं समाधान?" मिसेस हेपल म्हणाली.

"एक सांगा," रटर तिच्याजवळ गेली. "धुराची गोष्ट त्याने पहिल्यांदा सांगितली ती तुमच्याच गुत्त्यात. दुपारच्या गाडीला धूर नसतो हे तुम्हाला ठाऊक होतं. इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं."

मिसेस हेपलने नजर खाली केली नाही. "पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. वील माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आणि आम्ही त्या माणसाचा पेला भरला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भरू. तुम्ही न्याय घेऊन जाल डरहॅमला. बाजू मांडणारा गेला, आमचा पूल उद्याच्या सभेत जाईल."

"पूल जाणार नाही."

सगळे वळले. मर्सी क्रेक होती तिथेच उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मंगळवारी निघताना बाबा आणखी एक बोलले होते. मी कुणाला सांगितलं नाही, सांगून उपयोग नव्हता. म्हणाले, 'अगं, हा पूल माझ्या पणजोबाने बांधलाय, आपल्याच खाणीच्या दगडाने. आता कुठल्या तोंडाने पाडू? सभेत अर्ज मागे घेतो. जाऊ देत ट्रक वळशाने.'"

वाऱ्याने कुणाची तरी टोपी उडाली, ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"खोटं," वील म्हणाला, पण दबक्या आवाजात.

"खाण आता माझी आहे, ॲम्ब्रोज वील. अर्ज मी मागे घेतला, सकाळीच. पूल राहील. ज्याने तो वाचवला त्याला मारणाऱ्याचे पेले तुम्ही भरलेत."

मिसेस हेपलने घसा खाकरला. "मर्सी, झालं ते वाईटच झालं. पण नावाचं आता कशाला? तासलंच गेलंय ते. गावाची शोभा..."

"पाथरवटाला सांगितलंय मी. या वेळी कमानीखाली नाही. वर, कठड्यावर, रस्त्याच्या बाजूला. चर्चला जाता येता वाचता येईल असं, मोठं."

"आणि आम्ही काय करायचं? टोप्या काढायच्या?"

"वाचायचं," मर्सी म्हणाली.

"तुम्ही इथेच राहणार?" रटरने विचारलं. "या लोकांत?"

"जाऊ कुठे? माझं घर पलीकडे आहे."

तिने कोटाची बटणं लावली आणि पुलावरून चालू लागली, सरळ गर्दीच्या दिशेने. कुणी बाजूला सरलं नाही. पूल अरुंद, आणि ते सगळा रस्ता अडवून उभे. मर्सी मिसेस हेपलच्या पुढ्यात येऊन थांबली, एवढी जवळ की दोघींचे कोट एकमेकांना लागले. तिने वाट मागितली नाही, धक्काही दिला नाही. नुसती उभी राहिली.

रटर पुढे व्हायला निघाली होती, पण तिने स्वतःला आवरलं.

बराच वेळ गेला. मग मिसेस हेपल एक पाऊल मागे सरली.